धरून ठेवलेलं मनगट

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

प्रशिक्षण संपलं. तपासणीसाठी मनगटाच्या धमनीतलं रक्त आता डॉक्टरांची वाट न बघता मीच काढू शकते, तसा कागद मिळाला. पहिली सुई निभावली.

सुई काढल्यावर रक्त थांबावं म्हणून पेशंटचं मनगट पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं असतं. आजचे आजोबा म्हणाले, "अगं, पळून नाही जात मी." तेव्हा तुम्ही आठवलात. शाळेत सोडताना तुम्ही माझं मनगटच धरायचात. बोट निसटतं, म्हणायचात.

पाच मिनिटं झाली तरी मी सोडलं नाही.

भाजी आणायला अजून एकटेच जाता, असं ताई म्हणाली. रस्ता ओलांडताना तुमचं मनगट कोण धरतं?

तुमची धाकटी