जिन्याचा कठडा आणि वरचा मजला

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, स्टेनलेस स्टीलच्या नळ्या वाकवण्याचा धंदा करणारी विधवा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न मुलाने केला. त्याला चहा पाजून वाटेला लावले.

१. वर्कशॉप आणि नळ्या वाकवायचे मशीन मुलीला. ती नळीत कोरडी वाळू ठासून भरते, दोन्ही तोंडे लाकडी खुंट्यांनी बंद करते आणि मगच वाकवते, म्हणून तिच्या वळणाला सुरकुत्या पडत नाहीत. काटकोन हवा असेल तर ती किंचित जास्त वाकवते, कारण जोर काढला की नळी जराशी मागे येते. जावई याला 'उगाच मेहनत' म्हणतात. त्यांना मशीनपासून चार हात लांब ठेवावे.

२. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी-निम्मी. मुलाला माझा सगळा सल्लाही मिळावा. त्याने तो कधीच न वापरल्यामुळे कोरा करकरीत आहे.

३. घराचा तळमजला मुलाला. वरच्या मजल्यावर मोठ्या जाऊबाई राहतात, पण त्यांच्या नावावर काही नाही. त्यांनी मरेपर्यंत तिथेच राहावे, जिना आणि कठडा त्यांच्यासाठी जसाच्या तसा ठेवावा. त्यांच्यानंतर तो मजला मुलीचा. मुलाचा बेत वेगळा आहे: मी गेले की जिना पाडायचा आणि तिथे शोरूम काढायची.

"आई, कठडा वाया नाही जाणार. सरळ करू, शोरूमच्या दाराला पुन्हा वाकवू."

"आणि काकू?"

"त्यांचंही बघू ना कुठेतरी!"

स्टेनलेसची नळी एकदा मर्यादेपलीकडे वाकवली की त्या जागी ती कडक होते. तीच जागा सरळ करून पुन्हा वाकवायला गेले की तडकते. मुलाने हे एकदा गिऱ्हाइकासमोर करून दाखवले आहे. काकू सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यावर तो प्रयोग करू नये.

४. जाऊबाईंशी माझे भांडण कायम आहे, याची नोंद घ्यावी. त्यांच्या गुडघ्यांसाठी मी कठडा बसवला, तर शेजारपाजारी सांगत सुटल्या, "वाकडा बसवलाय मेलीने." कठडा सरळ आहे. भिंत वाकडी आहे, आणि ती त्यांच्या नवऱ्याने बांधली. माझ्यामागे कोणीतरी त्यांना भिंतीला बुडबुड्याची लेव्हल लावून दाखवावी. पण हळूच, त्या खुर्चीत बसलेल्या असताना.

५. आज सह्यांच्या वेळी जाऊबाईही पेन घेऊन आल्या होत्या. ज्याला मिळकतीतले काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात. मी नुसतेच "तुम्ही नको" म्हटले. "एवढी परकी झाले का गं मी?" म्हणत त्या तणतणत घरी गेल्या. खरे कारण मी असेपर्यंत त्यांना कोणी सांगू नये. त्यांनी आभार मानले तर मला रडू येईल, आणि मग आम्ही भांडायचे कसे?

हे मी स्वतः लिहिले, साक्षीदारांसमोर वाचले आणि सही केली.

सही: नळीवाल्या बाई
साक्षीदार: समोरचे वेल्डर (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई (सही)
स्थळ: वर्कशॉप, दार लावून
तारीख: १४ नोव्हेंबर २०२३