रव्यातलं लोखंड

आई, आज शिऱ्यासाठी रवा काढला आणि हात थांबला. पुंडलिकनगरच्या या घरात रवा पाकिटातून येतो, त्यात काही नसतं. तू गिरणीतून आणलेला रवा परातीत पसरायचीस आणि शहागंजच्या भंगारवाल्याकडून घेतलेलं, मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यातून सावकाश फिरवायचीस. चुंबकाला काळी मिशी फुटायची. कॉन्व्हेंटच्या गणवेशात मी दारात उभी आहे आणि म्हणते आहे, "असं कुणाच्याच घरी करत नाहीत." तू वर न बघता म्हणतेस, "मंग त्यांच्या पोटात जातंय. आत गेलेलं लोखंड कोण काढंल? तुझ्या सिस्टर?"

गेल्या महिन्यात माझ्या आत लोखंड घातलं, आई. तुझाच आजार, छातीतली तशीच गाठ, तुझीच डावी बाजू. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तपकिरी औषध टोचताना म्हणाली, "काकू, यात लोखंडाचे कण आहेत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. आजार पसरलाच तर काखेतल्या ज्या ग्रंथींत आधी जाईल, तिथंच हे जाऊन बसतात. मग चुंबकाच्या कांडीनं तेवढ्याच शोधायच्या, काढून तपासायच्या."

"म्हणजे मला रव्यासारखं निवडणार," मी म्हटलं. तिला कळलं नाही, पण हसली.

मला मरणाची तितकी नाही, हाताची भीती होती. तुझ्या वेळी अशी निवड नव्हती, सगळी काखच रिकामी केली. हात उशीसारखा सुजला. बांगड्या सोनाराकडून कापून घेतल्या. परातीतलं चुंबक तू उजव्या हातानं फिरवायचीस, डावा मांडीवर ठेवून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. आणि माझ्या साखरपुड्याच्या सकाळी मी तुला म्हणाले, "पाहुण्यांसमोर तो हात पदराखाली ठेव हं." तू म्हणालीस, "व्हय गं." जेवणं उठेपर्यंत ठेवलास. फोटोत तुझा एकच हात आहे.

माझ्या दोनच ग्रंथी काढल्या. रिपोर्ट स्वच्छ आला. मुलगी फोनवर रडली, मला नुसता थकवा आला. टोचल्या जागी तपकिरी डाग आहे, बरेच महिने राहील म्हणे. राहू दे. डाव्या हातातली बांगडी अजून सैल फिरते, आणि ती फिरली की मला मनातसुद्धा तुझ्याकडे बघवत नाही.

हे पत्र चुंबकाच्या डब्यात ठेवते, दुसरीकडे कुठं पाठवणार. येणाऱ्याजाणाऱ्यांना इतकी वर्षं सांगत आले, साखरपुड्याचा फोटो नीट आला नाही, म्हणून भिंतीवर लावला नाही. फोटो अगदी नीट आलाय, आई.