राहून गेलेल्या टाळ्या

व्होल्गाकाठ, चौदा नोव्हेंबर

प्रिय रिमुष्का,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. रीगाला गारठा पडला असेल, छातीला जप. माझं बरं चाललंय. कोबी खारवून ठेवलाय, गुडघे कुरकुरतात, आणि नाटकात आता म्हाताऱ्यांच्याच भूमिका वाट्याला येतात.

आपले दिग्दर्शक वेनियामिन प्लातोनोविच वसंतात गेले, हे तुला कळलंच असेल. नटमंडळींच्या रिवाजाप्रमाणे शवपेटी टाळ्यांच्या गजरात थिएटरबाहेर नेली. मी हात खिशात घालून उभी होते. आता थिएटरला त्यांचं नाव द्यायचंय आणि त्यांचं ते गाजलेलं नाटक जसंच्या तसं उभं करायचंय. त्यांचा लाडका चेला रदिओन ते बसवतोय. गुरूचा मफलरसुद्धा घालतो मेला. तुझी भूमिका उल्यानाला दिलीय. पोरगी गुणाची आहे, पण बापाच्या मरणाची बातमी ऐकून तू फोडायचीस ती किंकाळी काही तिला जमेना. आणि जो उठतो तो मलाच विचारतो, "अग्लाया पेत्रोव्हना, तुमच्या बहिणीच्या किंकाळीचं रहस्य काय हो?"

रहस्य! डोकं फिरतं माझं. किंकाळी खरी निघावी म्हणून "तुझा बाप गेला" असं वेनियामिन प्लातोनोविचनी भर तालमीत तुला खोटंच सांगितलं, आणि तू धावत घरी आलीस तेव्हा बाबा सूप पीत बसले होते. हे सांगू? स्टेजवर उभं राहायला मला त्याच माणसाने शिकवलं, म्हणून तर जास्त चीड येते.

परवा रदिओनने मला बाजूला घेतलं. "उल्यानाचा तुमच्यावर विश्वास आहे. तिची आई गेली, असं तुम्ही सांगा. गुरूंचीच पद्धत आहे."

"तुझी आई आहे ना? आधी तिच्या मरणाची थाप मारून बघ," मी म्हटलं.

तो तणतणत गेला आणि स्वतःच सांगून मोकळा झाला. पोरगी पांढरीफटक पडली. मग तिने खिशातून मोबाईल काढला. स्पीकरवर!

"आई, बरी आहेस ना तू?"

"मला काय धाड भरलीय? बटाटे सोलतेय. जेवायला येणारेस का?"

रदिओनच्या हातातली संहिता खाली पडली. पडलेल्या संहितेवर बसल्याशिवाय ती उचलायची नाही, नाहीतर नाटक पडतं, हेही गुरूंनीच शिकवलेलं. तेव्हा साहेब रागाने लालबुंद, पण आधी फरशीवर बसले. मी टाळ्या वाजवायला लागले. एकटीच.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" तो बसल्या जागेवरून ओरडला.

"तुझ्या गुरूंना निरोप देतेय. तेव्हा राहून गेलं होतं."

तुला थिएटरच्या नामकरणाला बोलवायचं काम माझ्यावर टाकलंय, खरं तर त्यासाठीच लिहायला बसले होते. येऊ नकोस.

बाबा शेवटच्या आजारात म्हणायचे, "माझ्या खोट्या मरणाला एवढी ओरडली, खऱ्याला येईल ना गं?" तू आली नाहीस. किती वर्षं मी तुझ्यावर जळफळत राहिले. परवा उल्यानाचा चेहरा बघितला आणि कळलं, तू त्यांना केव्हाच रडून बसली होतीस.

वसंतात मात्र ये. बाबांच्या थडग्याच्या कुंपणाला रंग द्यायचाय, आणि एकटीच्याने आता होत नाही.

सूप गरम ठेवून तुझी वाट बघणारी,
अग्लाया