सुमनने निवडलेला डोंगर

१० ऑक्टो.
मंडळाचा सुधाकर आला. भाऊबीजेनंतर गावच्या मंडईच्या जत्रेत नाटक आहे, जंगल-डोंगराचा पडदा हवा. नको म्हणणार होतो, हो म्हणून बसलो. सुमन जाऊन तिसरा महिना. तेव्हापासून ब्रश ओला केलेला नाही.

१२ ऑक्टो.
कापड ताणलं, खळ दिली. आभाळ झालं, झाडंही. त्यांना हात आपोआप चालतो. डोंगर येईना.

माझे सगळे डोंगर आल्याच्या गड्ड्यांवरून. सु. पवनीच्या बाजारात अख्खा ढीग उलटापालटा करायची. भाजीवाला वैतागायचा. "चहाले नाही पाहिजे भाऊ, आमच्या घरी डोंगर लागते." गड्डा खिडकीत ठेवायचा, बाजूने ऊन आलं की कडे, दऱ्या, सगळं तयार. लोक म्हणत, पेंटरची नजर! नजर तिची होती, माझा नुसता हात. हे तिला एकदाही बोललो नाही.

१३
स्वतः बाजारात. पाच गड्डे आणले. पाचही आलंच दिसतात.

१४
आजारी पडण्याआधी तिने निवडलेला शेवटचा गड्डा खिडकीत होता, आठवलं. पाहतो तर नाही. सून वैशालीने कोंभ फुटले म्हणून कुंडीत लावलाय. नको नको ते बोललो तिला. ती एवढंच म्हणाली, "बाबाजी, आईच्या हातचं होतं. वाळून जाईन म्हणून लावलं."

दुपारी कुणी नसताना उकरला. मुळ्या, नवे फुगवटे, एक बाजू सडलेली. आकार गेला. माती परत लोटली. वैशालीची माफी मागायला हवी, पण

१९
जुन्या पडद्याच्या फोटोवरून डोंगर उतरवला. सुधाकर खूश. "मस्त जमलं काकाजी." मला विचारू नये कुणी.

२२ ऑक्टो.
पडदा घराबाहेर जाण्याआधी सु. अंगणाच्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघायची. "जाऊ द्या" म्हणाली की मगच गुंडाळायचा. आज वैशालीला म्हटलं, उभी राहा तिथे.

"मले त्यातलं काय समजते, बाबाजी?"

राहिली तरी. बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "झाडं चांगले आहेत. पण हा डोंगर... आईनं जाऊ देल्ला नसता."

खरं होतं. राग नाही आला, रडू आलं, तिच्यासमोरच. आभाळाचा रंग कालवला आणि सगळा डोंगर झाकून टाकला. बादली तिने धरली होती.

टेम्पो सकाळी सातला येणार. पडद्याच्या मधोमध नुसतं आभाळ आहे.