डाव्या डोळ्यातले भाऊजी

४ जानेवारी

आले एकदाची! ताईने दारातच मिठी मारली आणि "किती वाळलीस गं बारके," हे पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. खोली मला रस्त्याच्या बाजूची मिळालीय, भरपूर उजेडाची. खिडकीखालच्या टेबलावर रफूचा डबा, रिळं, भिंग सगळं मांडून झालं. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगवाल्याकडे ताईने आधीच शब्द टाकून ठेवलाय, त्यामुळे इस्त्रीने जळलेले कोट आणि कसरीने खाल्लेल्या शाली माझ्याकडे येतील. भाऊजींना लग्नानंतर आजच नीट पाहिलं. औषधांचं दुकान आहे त्यांचं. शांत, हसतमुख माणूस. माझी जड बॅग स्वतःच वर घेऊन आले. ताईने नवरा बरा गाठलाय.

आता येण्याचं कारण. डोळ्याची पुढची काच, कॉर्निया, माझी पातळ होत होत शंकूसारखी पुढे आलीय. केराटोकोनस म्हणतात याला. हे नाव पहिल्यांदा ऐकून आईने विचारलं होतं, हा कुठला राजा? उजव्या डोळ्याचं वेळेत आवरलं, कडक लेन्स लावली की तो काम देतो. डाव्यात लेन्स घडीभर टिकत नाही. आणि त्या डोळ्याला प्रत्येक वस्तूच्या उजवीकडे, जरा खाली, तिचीच एक फिकट जोडीदारीण दिसते. सुईला दोन भोकं. खरं कोणतं याची चौकशी करून मग दोरा ओवायचा! इथल्या मोठ्या नेत्रालयात दाखवून ठरवायचंय की दुसऱ्या कुणाचा कॉर्निया बसवून घ्यायचा की नाही.

९ जानेवारी

डॉक्टरीणबाई आवडल्या. घाई करू नका म्हणाल्या. मोठ्या आकाराची लेन्स करून पाहता येईल, पण मधोमध व्रण पडलाय, त्याला लेन्स काय करणार? रोपण केलं तर दिसणं हळूहळू सुधारेल. पण टाके बरेच महिने, थेंब त्याहूनही जास्त, आणि शरीराने परकी काच नाकारली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. परत येताना मनात आलं, ज्याचा डोळा मला मिळायचाय, तो माणूस कदाचित आत्ता कुठेतरी चहा फुंकून पीत असेल. घरी आल्यावर मला चहा गेला नाही.

भाऊजींनी बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. करूनच टाक, त्यांचं मत.

१५ जानेवारी

एक गंमत. सकाळी लेन्स घालायच्या आधी उजवा डोळा झाकून बसले होते. टेबल, खुर्ची, किटली, ताई, सगळ्यांच्या छाया नेहमीसारख्या उजवीकडे, खाली. भाऊजींची मात्र डावीकडे, वर. खांद्यामागे कुणी उभं असावं तशी. मी जागा बदलली, मान तिरकी केली. ते उठले, फिरले. छाया तिथेच, डाव्या खांद्यामागे. उजव्या डोळ्याला तिथे काहीच नाही.

२१ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना विचारलं, नाव न घेता. त्या म्हणाल्या, छाया शंकूमुळे पडते आणि शंकू तर एकच, म्हणजे दिशाही एकच. मग एखाद्याचीच उलट्या बाजूला पडली तर? त्या हसल्या. "तर ती तुमच्या डोळ्यातली नाही."

निघताना नर्स सहज बोलून गेली की तुमचे भाऊजी मंगळवारी येऊन गेले, ऑपरेशन लवकर होईल का म्हणून विचारत होते.

मला का नाही सांगितलं?

२४ जानेवारी

ताईशी बोलले. छायेचं नाही, फक्त नेत्रालयात गुपचूप जाण्याचं. ती खळखळून हसली. "संशयाला औषध नाही म्हणतात बारके, आणि आपल्या घरात तर औषधांचं दुकान आहे!" मीही हसले. पण कुठेतरी पाणी मुरतंय. बायकोच्या बहिणीच्या डोळ्याची एवढी काळजी कोण करतो? मी एक डोळा झाकला की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. आज दोनदा गेले. मग मी मुद्दामच झाकला. तेव्हाही गेले.

२ फेब्रुवारी

भाऊजी जेवून उठले, हात धुवायला गेले. छाया खुर्चीपाशीच राहिली. क्षणभरच. मग घाईने त्यांच्यामागे गेली.

ताई ताटं उचलत होती. ताईचा हात त्या छायेतून आरपार गेला.

५ फेब्रुवारी

सारखा तोच विचार. डोळा बदलला तर हे दिसायचं थांबेल, म्हणून त्यांना घाई असेल? की सगळा माझ्या शंकूचाच खेळ, आणि मी एका भल्या माणसाला उगाच पाण्यात पाहतेय? काल कोटाच्या बाहीचा रफू उसवावा लागला. ड्रायक्लीनिंगवाल्याने पुढचा कोट दिला नाही. उजवा डोळा तरी किती दिवस दोघांचं ओझं ओढणार?

करायचं. पोट फाडून पोटदुखीचं कारण शोधण्यातला प्रकार आहे, पण दुसरा उपाय सुचत नाही. ऑपरेशननंतर जे जाईल ते डोळ्यातलं. जे उरेल ते घरातलं.

डॉक्टरीणबाईंना हो म्हणून आले. भाऊजींना इतका आनंद झाला, की ताईसुद्धा त्यांच्याकडे पाहत राहिली.

१९ फेब्रुवारी

परवा झालं. दुखलं फारसं नाही, खुपतंय मात्र. पट्टी काढली तेव्हा सगळं दुधी काचेतून पाहिल्यासारखं. डॉक्टरीणबाई खूश आहेत. डोळा चोळायचा नाही, वजन उचलायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत. ज्यांनी डोळा दिला त्यांच्या घरच्यांना मनातल्या मनात हात जोडले.

दिव्याला आता जोडीदारीण नाही. किटलीला नाही. ताई एकटीच!

भाऊजींकडे अजून पाहिलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

दूध रोज थोडं थोडं निवळतंय.

ती आहे. डावीकडे, वर. सगळ्यांच्या गेल्या, तीच तेवढी राहिली.

४ मार्च

थेंब भाऊजीच घालतात. ताईचा हात थरथरतो म्हणे. नको म्हणायला कारण काय सांगू? दुपारी मान मागे टाकून बसले होते. थेंब डोळ्यात पडला. गार. मग भाऊजींचा हात बाटली घेऊन वर आला.

आधी थेंब. मग हात.

९ मार्च

छायेचं आता नाक दिसतं. ओठ. भाऊजींसारखे नाहीत. कुणासारखेच नाहीत. ते बोलायच्या आधी ते ओठ हलतात — भाऊजी मागाहून तेच म्हणतात. त्यांनी उठायच्या आधी ते मागचं उठतं. भाऊजी त्याच्यामागून — ओढल्यासारखे.

छाया ती नव्हेच. छाया भाऊजी आहेत.

११ मार्च

त्याला कळलंय, मला ते दिसतं. सकाळी त्याने माझ्याकडे पाहिलं, भाऊजी पेपर वाचत असताना. हसलं. भाऊजींना हसू नंतर आलं —

ताईला सगळं सांगितलं. ती रडली. ऑपरेशनचा ताण आहे म्हणाली. मी म्हटलं, आईकडे जाऊ, आपण दोघी, उद्याच. शेवटी हो म्हणाली. भाऊजींना सांगणार नाही, हेही कबूल केलं.

१२ मार्च

भाऊजींपाशी काही नाही. आज नाही! दोनदा पाहिलं, उजवा झाकून, डावा झाकून. खुर्चीत एकटे. गेलं. कुठे —

ते माझ्याकडे बघतायत, पण ओळखल्यासारखे नाही. मला "तुम्ही" म्हणाले. हे कुणाचं घर आहे, मी इथे कधी आलो, असं हळूच विचारलं. दाढीवरून हात फिरवून दचकले. मी म्हटलं, भाऊजी, असं काय करता, ताईला हाक मारू? तर माझा हात घट्ट धरला.

कोण ताई, म्हणाले. लग्न झालेलं नाही माझं.

आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, अगदी खालच्या आवाजात — त्या बाई कोण आहेत?

ताई आत गुणगुणतेय. बॅगा भरलेल्या नाहीत. पाठमोरी आहे, खिडकीच्या उजेडात नीट दिसत नाही — तिच्या डाव्या खांद्यामागे —

थेंबांची वेळ झाली, म्हणतेय. मान वर कर बारके. आवाज गोड. हात अजिबात थरथरत नाहीये. इकडे वळली — नाही, ती अजून पाठमोरीच आहे, वळलंय ते —

भाऊजी दार उघडायचा प्रयत्न करतायत, त्यांना कडी सापडत नाही, मी