फिनलंडला निघालो तेव्हाची गोष्ट

४ मे, रविवार
ठरलं. फिनलंड. दुपारी एका बिल्डिंगच्या एसीचा चिलर बघायला छतावर चढलो तर बुटाचा सोल डांबराला चिकटला. मोज्यावर खाली उतरलो. मस्कतमध्ये एवढी वर्षं लोकांचे एसी थंड ठेवले. आता आयत्या थंड देशात राहणार.
विशाखा म्हणाली, आधी जेवून घे.
पूर्वाने विचारलं, तिथे एसी कोण रिपेअर करून घेतं? मुलीचं थिंकिंग निगेटिव्ह होत चाललंय. शाळेचा दोष.

७ मे
थंडीची प्रॅक्टिस सुरू. एसी सोळावर, पांघरूण बंद. बायको आणि मुलगी हॉलमध्ये झोपायला गेल्या. विलपॉवर कमी.

८ मे
आवाज बसलाय. शरीर जुळवून घेतंय.

१२ मे
भाषा अ‍ॅपवर चालू केली. फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या आहेत म्हणे. आपल्याला आठांची सवय, म्हणजे अर्धं काम झालेलंच. उरलेल्या तिथे गेल्यावर.

१८ मे, रविवार
इंटरव्ह्यू आला! हीटिंगची कंपनी. गार करणाऱ्याला गरम करणं काय अवघड? उलटं करायचं.
ऑफिसात तौहीदला सांगितलं. तो राजापूरचा, माझ्याच टीममध्ये. म्हणाला, 'अरे, थय उन्हाल्यात सूर्यच बुडत नाय. रोजा सोडायचा कवा?' लोकांना मोठा विचार झेपत नाही.

२० मे
राजीनामा दिला. आमचे अर्बाब जमालसाहेब, कंपनीचे मालक. त्यांनी वाचला, 'इन्शाल्ला' म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकला. पुढे बोललेच नाहीत. भरून आलं असणार.
विशाखाने विचारलं, इंटरव्ह्यूच्या आधीच? म्हटलं, याला कॉन्फिडन्स म्हणतात. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिकडच्या शांततेची सवय होईल तिला.

२६ मे
इंटरव्ह्यू झाला. फिनिश लोकांना बडबड आवडत नाही, हे मी वाचून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. 'इंजिनिअर,' म्हणालो आणि थांबलो. त्याही थांबल्या. मी हटलो नाही. त्यांनी विचारलं, आवाज येतोय ना? मी संथपणे मान हलवली. त्यांनी कॉल बंद करून पुन्हा लावला. मी परत शांत. शेवटी थँक यू म्हणाल्या. बहुतेक सिलेक्शन.

२८ मे
ईमेल आला. रिग्रेट. त्यांना कस्टमरशी बोलू शकणारा माणूस हवाय.
फिनलंड आता पूर्वीचं राहिलं नाही.

सायंकाळ. विशाखा आज बोलली. म्हणाली, नोकरी गेली की आपल्या तिघांचा व्हिसा जातो, माहितेय ना? पूर्वाची यंदा दहावी आहे. मला माहीत होतं. म्हणजे, विसरलो नव्हतो. पाणी प्यायलो. एसी बंद होता तरी हुडहुडी भरली.

१ जून, रविवार
सकाळीच अर्बाबकडे गेलो. भाषण पाठ केलं होतं: कंपनीची परिस्थिती पाहून मी थांबायला तयार आहे. पहिल्या वाक्यालाच त्यांनी ड्रॉवर उघडून राजीनामा माझ्या हातात दिला. एचआरकडे गेलाच नव्हता. म्हणाले, 'तुझ्या मॅडमचा त्याच दिवशी फोन आला. इंटरव्ह्यू होईपर्यंत ठेवा म्हणाली. खलास. यल्ला, चिलर बघ.'
माझ्याशी बोलत नव्हती, अर्बाबशी मात्र बोलली. घरी गेल्यावर जाब विचारणार आहे.

रात्री. विचारला नाही.

६ जून, शुक्रवार
बकरी ईद. तौहीदकडे कुरुमला जेवायला. त्याच्या घरी अर्धं रत्नागिरी जमलं होतं. सगळ्यांचा एकच प्रश्न, कधी निघताय? खरं सांगायचं पक्कं ठरवलं होतं. घसा साफ केला. तेवढ्यात विशाखा म्हणाली, 'मीच नको म्हटलं. मला थंडी सोसत नाही.'
झालं. बायका तिच्यावर तुटून पडल्या. तौहीदची बायको उजमा म्हणाली, 'काय गो तू! नवऱ्याचा एवढा चानस घालवलास?' विशाखा हसली आणि तिने रायता वाढून घेतला. मी ताटात बघत होतो.
जरा वेळाने तौहीद पाठीवर हात ठेवून म्हणाला, 'जाऊ दे, वाईट नको वाटून घेव.' मी म्हणालो, 'आता काय करणार? तिची तब्येत आधी.' तोंडातून सहज निघालं. पटलंसुद्धा. विशाखाला मनापासून माफ करून टाकलं.
परतताना गाडीत हे तिला सांगितलंही. म्हटलं, तू मनाला लावून घेऊ नकोस. थंडी सगळ्यांना नाही झेपत.
 मागच्या सीटवरून पूर्वा बोलली. तिचं मराठी अर्धं इंग्लिश असलं तरी समजतं.
'बाबा, बट आई तर रेडी होती. तिने स्वेटर मागवले ना, आपल्या तिघांचे. कपाटावर आहेत. तुझा ब्लू आहे.'
सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही. मागून हॉर्न वाजले.
विशाखा म्हणाली, 'धनेश, गाडी घे.'