एक्केचाळिसावा प्रश्न

पोहियाला वस्ती, अप्पर मिशिगन
६ सप्टेंबर १९९४

ती. रेइनोदादास,
एल्माचा सा. न. वि. वि.

तुझा चाळीस प्रश्नांचा तक्ता मिळाला. मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासून तू निवृत्त झालास खरा, पण तपासणी काही तुझ्यातून निवृत्त झालेली दिसत नाही. सासूबाईंसाठी वृद्धाश्रम शोधायचाय की त्यांना बिजागऱ्या बसवायच्यात, असं आमचे मार्टिन विचारत होते. मी त्यांना गप्प केलं. कुणीतरी तक्ता आखणारं हवंच होतं. मला नुसता विषय निघाला तरी रडू येतं, आणि रडत रडत मार्क देता येत नाहीत.

गेल्या शनिवारी आई पुन्हा एकटीच परसातल्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात गेली. मी मागे कपडे वाळत घालत होते. तिने शेगडीत माझे दोन एप्रन कोंबले, काडी लावली, आतून कडी घातली आणि बाकावर बसून राहिली. मार्टिननी दार तोडलं तेव्हा आत धूर कोंडलेला, तिच्या भुवया होरपळलेल्या, आणि ती उलट आम्हालाच ओरडायला लागली, की बाळ यायची वेळ झाली, पाणी कुठाय, तुम्ही सगळे झोपलात का. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, दादा. डॉक्टर म्हणाले, बर्फ पडायच्या आत तिला चोवीस तास माणसं असतील अशा जागी हलवा. माझा गुडघा तुला ठाऊकच आहे. तिच्यामागे धावणं आता मला जमत नाही.

बाबा गेले त्या दिवशी मी तिला शब्द दिला होता, की तुला परक्यांत टाकणार नाही. तू शेजारीच उभा होतास, वेलदोड्याचा पाव खात.

असो. तळ्याकाठचं नवं घर पाहिलं. चाळीसपैकी अडतीस मार्क! लांबच लांब काचा, समोर सगळं सुपिरिअर सरोवर. वासाबद्दलचा तुझा पहिला प्रश्न तर मी जवळजवळ नाकाने फरशी पुसून सोडवला. वास नाही. जेवणात मासा होता आणि तो चक्क गरम होता. सरकारी तपासणीचा अहवाल दारातच टांगलेला असतो, त्यात एकही दोष नाही.

मग खाणीच्या जुन्या इस्पितळातलं घर पाहिलं. तुझ्या पायाचं बोट तुटलं तेव्हा तुला नेलं होतं तेच. व्हरांड्यात कोबीचा वास, एका खिडकीच्या फटीत पुठ्ठा. तेवीस मार्क. अहवालात तीन दोष आहेत. खिडकी, पुरेसं थंड नसलेलं दूध, आणि तिसरा मी शब्दश: उतरवते: एक रहिवासी बाई दुसऱ्या रहिवासी बाईचे पाय धुताना आढळली.

तूच काय ते सांग. तुझं मत आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझी एल्मा


डिअरबॉर्न
१२ सप्टेंबर १९९४

चि. एल्मास,
अ. उ. आ.

भुवयांचं दोनदा वाचलं. आईने त्या सौनात आयुष्यभर आग पेटवली, एक ठिणगी बाहेर येऊ दिली नाही, हेही आठवलं.

यात विचार करण्यासारखं काही नाही. जुनं इस्पितळ यादीतून काढ. खिडकी आणि दूध मी एकवेळ सोडून देईन, पण तिसरा दोष भयंकर आहे. सेवा करायला नेमलेली माणसं गेली कुठे? आमच्याकडे एक गाडी दुसरीला रंग देताना सापडली असती तर मी दोन्ही परत पाठवल्या असत्या. आईला तळ्याकाठी दोन आठवडे राहून बघू दे. अडतीस मार्क मी आजवर कुणाला दिलेले नाहीत, माझ्या लग्नालासुद्धा.

शब्दाचं म्हणशील, तर तो तू एकटीने दिला नव्हतास. मी पाव खात होतो, कारण तोंड रिकामं ठेवलं असतं तर मलाही काहीतरी बोलावं लागलं असतं. तो अर्धा शब्द माझ्या नावावर धर.

मार्टिनला सांग, बिजागऱ्यांचा विनोद मला आवडला नाही. दोनदा हसलो तरी.

गुडघा जप. राग आलाच तर तो लिहून कळव, मनात साठवू नको.
तुझा रेइनो


पोहियाला वस्ती
२ ऑक्टोबर १९९४

ती. रेइनोदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. तुझा तक्ता सोबत आणि एक पेन्सिलही.

तळ्याकाठी आईला कुणी वाईट वागवलं नाही, हे आधी लिहिते, नाहीतर तू तिथल्या साहेबाला फोन करशील. तिथल्या मुली गोड आहेत, कामसू आहेत. पण अंघोळीच्या वारी तिला पट्ट्यांच्या खुर्चीत बसवून यंत्राने उचलतात आणि टबात सोडतात. आई किंचाळली. एका मुलीचा हात तिने रक्त येईपर्यंत ओरबाडला. दुसऱ्या वेळी आधी शांत राहायची गोळी दिली. मी गेले तेव्हा भर दुपारी ती खुर्चीत मान टाकून झोपलेली, स्वच्छ, केस विंचरलेले, आणि हाक मारली तर डोळेसुद्धा उघडेना. नर्स बिचारी स्वत:च कानकोंडी झाली. म्हणाली, पुढच्या वेळेपासून अंथरुणातच ओल्या फडक्याने पुसून घेऊ.

जन्मभर दर शनिवारी सौना घेतलेली बाई, दादा. फडक्याने पुसायची!

तुझा सतरावा प्रश्न आहे, अंघोळ आठवड्यातून किती वेळा. कशी, हे तू विचारलेलंच नाहीस. मीही विचारलं नव्हतं. म्हणून काल आईला परत आणताना गाडी तशीच जुन्या इस्पितळाकडे वळवली. तू रागावशील हे ठाऊक होतं.

तिथे अंघोळ घालायला डोरीन ट्रेगिअर म्हणून बाई आहेत. अठ्ठावीस वर्षं हेच काम करतात. माझ्याएवढ्याच वयाच्या, इंग्लंडातून आलेल्या कॉर्निश खाणकामगारांच्या घरातल्या, पेस्टीत, त्या मांसाच्या करंजीत, मी गाजर घालते म्हणून मला पाप लागतं असं तोंडावर सांगणाऱ्या. मी म्हटलं, मला अंघोळ बघायचीय. त्या म्हणाल्या, आधी जिची अंघोळ आहे तिला विचारायला हवं, आणि आत जाऊन खरंच विचारून आल्या.

आत उबेत एक म्हातारी खुर्चीवर बसली होती, मिसेस लाक्सो. पाण्याचं भय घेतलेली, दोन्ही हातांनी झगा आवळून धरलेली. डोरीनबाई तिच्यापुढे गुडघ्यावर बसून समजावत होत्या. आणि आईने माझा हात सोडला.

तिने बाह्या वर केल्या. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, गार पाणी आणायला मला फर्मावलं. मी आणलं! मग लहान स्टूल ओढून ती लाक्सोबाईंच्या पायांशी बसली आणि बोलायला लागली, आपल्या फिनिशमध्ये, हळू आवाजात. आता डावं पाऊल घेते हं. आता घोटा. आता कोमट पाणी येतंय, भिऊ नको. आता टाच, टाच तुझी खरखरीत झालीय, खूप चाललीस तू. प्रत्येक जागेला हात लावायच्या आधी सांगायची, मगच हात लावायची. दादा, लाक्सोबाईंची बोटं एकेक करून झग्यावरून सुटली. त्यांनी आपणहून दुसरा पाय पुढे केला.

आठवतं, कुणाच्या घरी बाळंतपण असलं की आईला बोलावणं यायचं, आणि कुणी गेलं की प्रेत धुवायलाही तिलाच? आपण त्यांच्या सौनापर्यंत पाणी वाहायचो आणि दाराशी थांबायचो. आत यायची बंदी. तू मला सांगायचास की आई मेलेल्यांशी गप्पा मारते आणि ते तिला उत्तरं देतात. मी किती रात्री पांघरुणात थरथरले असेन! ती हेच बोलत होती रे. नुकत्या जन्मलेल्यालाही आणि गेलेल्यालाही ती सांगत होती, की आता मी तुझा हात धरते, आता खांदा. न सांगता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढंच.

एकोणसाठ वर्षांची झाले आणि आईचं काम काल पहिल्यांदा पाहिलं. तिला माझं नाव आठवत नाही, पण हे जसंच्या तसं हातात आहे. मी भिंतीला टेकून उभी राहिले. चर्चमध्येसुद्धा मला कधी असं वाटलेलं नाही, पास्टरना सांगू नकोस.

शेवटी तिने पाय कोरडे केले आणि म्हणाली, झालं, आता जायला हरकत नाही.

अहवालातला तिसरा दोष म्हणजे डोरीनबाईंनी दिलेली अशीच एक मोकळीक होती. जिने पाय धुतले ती बाई आता हयात नाही. तपासणीवाल्यांनी लिहिल्यापासून डॉक्टरांची आणि दोन्ही बायकांच्या घरच्यांची सही घेतात, आणि कुणीतरी बाई शेजारी उभी असते. थांबवलं मात्र नाही.

मार्क तू दे. मला हिशेब येईनासा झालाय.

उत्तराची वाट बघणारी, आणि ते हो असावं असं वाटणारी,
एल्मा


डिअरबॉर्न
८ ऑक्टोबर १९९४

चि. एल्मास,
अ. उ. आ.

पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचायला घेतलं. तू म्हणालीस तसं बसावंच लागलं.

ते उत्तरं देतात, हे मी बनवून सांगायचो. मी दाराला कान लावायचो खरा, पण शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, उलट ऐकत बसावंसं वाटायचं. पण नऊ वर्षांच्या पोराने धाकट्या बहिणीला हे कसं सांगायचं? त्यापेक्षा घाबरवणं सोपं.

तक्त्याच्या तळाशी एक्केचाळिसावा प्रश्न जोडला आहे: इथे माणसाला सांगून हात लावतात का? बाकीचे चाळीस तू खोडलेस तरी चालेल. आईला जुन्या इस्पितळात ने. दोष म्हणून मी ज्याच्यावर काट मारली, ते मला दिसलंच नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतो. तोवर खिडकीचं माप घेऊन ठेव, ती मी बसवणार आहे.

आशीर्वाद आहेतच, या वेळी थोडी माफीही घे.
तुझा रेइनो


पोहियाला वस्ती
७ नोव्हेंबर १९९४

ती. रेइनोदादास,
सा. न. वि. वि.

आई गेल्या महिन्याच्या २२ तारखेला, शनिवारी, जुन्या इस्पितळात राहायला गेली. बर्फही त्याच दिवशी आला. मी गाडीत हुंदके देत होते, तर तिने मला विचारलं, की तुमचं कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाली, मग डोळे पुसा, लोक काय म्हणतील.

डोरीनबाईंनी तिच्यासाठी स्टूल तयार ठेवलंय. दर शनिवारी लाक्सोबाई तिची वाट बघतात. आईची स्वत:ची अंघोळ डोरीनबाई घालतात, तिच्याचसारखं प्रत्येक गोष्ट सांगून, मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये. आई त्यांचे उच्चार सुधारते आणि त्या नादात किंचाळायचं विसरते.

खिडकी ३२ बाय ५४ इंच.

तुझी वाट बघत,
एल्मा


डिअरबॉर्न
२९ नोव्हेंबर १९९४

चि. एल्मास,
अ. उ. आ.

सुखरूप पोहोचलो. पुलावर वारा होता. एक गोष्ट तिथे असताना तुला सांगितली नाही. आपल्या घरात तोंडावर काय सांगतात, तर बर्फ किती इंच पडला.

गुरुवारी मी खिडकी बसवून आलो तेव्हा तू नि डोरीनबाई गाजरावरून भांडत होतात. आईने मला खुणेने बोलावलं. मला अहो-जाहो करत होती. म्हणाली, पाहुणे, तुम्ही लांबून आलात, बसा. मी बसलो. तिने माझे बूट सोडले. लाज वाटून मी पाय मागे घेतला, तर म्हणाली, अजून मी सांगितलेलं नाही, तेव्हा भिऊ नका. मग सांगितलं. आता उजवं पाऊल घेते. एल्मा, तो आवाज तोच होता, दाराआडचा. या वेळी शब्द कळत होते.

डाव्या पायाशी आल्यावर तिने बोटं मोजली आणि थांबली. करंगळी कुठाय म्हणाली. मी म्हटलं, नऊ वर्षांचा असताना कुऱ्हाड लागली. तिने विचारलं, आईने फार मारलं असेल. मी म्हटलं, नाही, तिने मला पाठीवर घेतलं आणि बर्फातून चार मैल चालत याच इमारतीत आणलं. वाटेत एकदाही खाली ठेवलं नाही.

आता करंगळीची जागा, असं सांगून तिने तिथे पाणी सोडलं. मग म्हणाली, बरी होती म्हणजे.

मी म्हटलं, फार चांगली होती. बासष्ट वर्षांत हे मी तिला कधी म्हटलं नव्हतं.

तिने मान डोलावली, जशी दुसऱ्या कुणाबद्दल चांगलं ऐकून डोलवावी तशी, आणि कामाला लागली. आता टाच. मग पाय कोरडे केले, मोजे चढवले आणि म्हणाली, झालं, आता जायला हरकत नाही.

मला उठवेना. तू पेस्टी घेऊन आलीस आणि मी रडतोय ते तुला कांद्यामुळे वाटलं, ते तसंच वाटू दिलं.

पुढच्या महिन्यात परत येतो.

माझा तुझ्यावर लोभ आहे. तोंडाने सांगायला जमायचं नाही, म्हणून सही करायच्या आधी लिहून ठेवतो.
तुझा रेइनो